तुझं असेल ते बाहेर काढ

११ सप्टेंबर १९८८, रविवार

रेकॉर्ड कंपनीचा ओबर्तां आज पॅरिसहून आला. आलुबुखाऱ्याचा केक दोनदा मागून घेतला, मग बोटं पुसून माझ्या नवऱ्याला, योस्कोला म्हणाला, "या खेपेच्या रेकॉर्डवर सगळं तुझं. दुसऱ्या कुणाचं काही नको."

योस्कोचा धाकटा भाऊ फेर्डो बोलला. "म्हणजे विकायची नाही असं ठरलंय म्हणा की."

"विकली जाईल."

"आजवर कुणी मागितलं नव्हतं हो, साहेब. लग्नात मागतात ते जुनं, हॉटेलात मागतात ते जुनं. अमेरिकेत गेलो, वाटलं तिथं तरी. तिथंही जुनंच."

जुनं म्हणजे त्या एका माणसाचं. आमच्या जिप्सी लोकांतला तो गिटारवाला. जाऊन पस्तीस वर्षं झाली. साऱ्या जगात त्याचं नाव घेतात. या घरात घेत नाहीत. गेलेल्याचं नाव आमच्यात घेत नाहीत.

हात 'आमच्यात' लिहून गेला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण मी जन्माने बाहेरची, गाजी. रस्त्यापलीकडच्या बेकरीतली मुलगी. माझ्या तोंडून 'आमच्यात' आलं की सासूबाई भुवया उचलतात. कागदाला भुवया नाहीत.

योस्कोच्या नऊ रेकॉर्डी आहेत. नवांवर मिळून त्याची स्वतःची एकही चाल नाही. चाली त्याने पुष्कळ केल्या. अंगणातल्या राहत्या गाडीत बसून वाजवतो आणि सोडून देतो. आम्हाला घर आहे, पण वर्षातले निम्मे दिवस तो त्या चाकांच्या गाडीतच राहतो. भिंतींत बोटं आखडतात म्हणतो. नोटेशन त्याला येत नाही, फेर्डोलाही येत नाही. स्टुडिओ फेब्रुवारीत मिळाला आहे. तोवर जे मनासारखं होईल ते गाडीतच कॅसेटवर घ्यायचं. फेर्डो नेहमीप्रमाणे साथीला.

जाताना ओबर्तां मला म्हणाला, "तुम्ही शाळेत शिकवता. तो काय बोलतो ते टिपून ठेवा. कुणाकडून काय घेतलं, कुठं ऐकलं. रेकॉर्डच्या पाठीवर छापू."

म्हणून ही वही.

१४ सप्टेंबर

शाळा सुटल्यावर गाडीत गेले.

"कुणाकडून शिकलास?"

"चोरून."

"नीट सांग. छापायचंय."

"मग लिही. उजवा हात वडिलांचा. ते बाजाराच्या दिवशी चर्चसमोर व्हायोलिन वाजवायचे, वॉल्ट्झ, नाचायच्या चाली. मी मागं ताल धरायचो. ताल सुटला की लोकांदेखत लाथ. तिथं झाला उजवा हात."

"आणि डावा?"

"डावा अमेरिकन शिपायांचा. लढाई संपल्यावर नदीपलीकडं त्यांची छावणी पडली. त्यांच्या रेडिओवर सॅक्सोफोन लागायचा. इतका भरभर, मला वाटलं रेडिओ बिघडलाय. ते चार बोटांत बसवायला बघितलं. अजून बघतोय."

लढाईतलं मी विचारत नाही. त्यांच्या घरातले किती गेले ते सासूबाईंना माहीत. त्याही सांगत नाहीत.

"दोन्ही हात झाले. मधलं काय?"

त्याने चर्चचं सांगितलं. लहानपणी थंडीत तो चर्चमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसायचा, उबेसाठी. पुढे ऑर्गनवाला सराव करत असायचा. एकच तुकडा, पुन्हा पुन्हा.

"तो रोज एकाच जागी अडखळायचा. मला वाटायचं ते तसंच आहे. मोठेपणी कुणीतरी बरोबर वाजवलेलं ऐकलं, तर आवडलंच नाही. माझ्या चालींत मध्येच पाय अडकल्यासारखं होतं ना, ते त्याचं."

"हे छापू?"

"छाप. त्याचं नाव नको. मेला असेल."

२५ सप्टेंबर

काल त्यांनी पहिली चाल कॅसेटवर घेतली. ओबर्तांला नावं हवी आहेत. योस्को म्हणतो, वाजवलं की कळतं, नाव कशाला. मी माझ्या सोयीसाठी ठेवली आहेत: कालव्याची, लंगडी, रविवारची.

फेर्डोचं काम बघत होते. डोळे मिटून, मान खाली, उजवा हात छपाईच्या यंत्रासारखा. योस्को वर काय करतो आहे याच्याशी त्याचा संबंध नसल्यासारखा. मी तसं म्हटलं तर म्हणाला, "वहिनी, मी त्याचं ऐकायला लागलो तर माझा ताल जाईल. दोघांतल्या एकानं तरी कामाला लागायला नको का?"

योस्को म्हणाला, "तीस वर्षं शेजारी बसतोय आणि माझं एक गाणं त्याला म्हणता येणार नाही."

"बायको आहेस का माझी, तुझं ऐकायला?"

२ ऑक्टोबर, रविवार

डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालं आहे. योस्को म्हणाला, "वाजवणाऱ्यांचं असतंच." डॉक्टर हसले नाहीत. सिगरेट नाही, जिने नाहीत, प्रवास नाही. ओबर्तांला फोन करून स्टुडिओ आधी मिळेल का विचारलं. मिळत नाही.

दुपारभर दोघे गाडीत होते. बाहेर आल्यावर फेर्डो माझ्याजवळ थांबला. मी चादरी वाळत घालत होते.

"वहिनी, कॅसेटी गाडीत कशाला ठेवता?"

"त्याला लागतात. काल घेतलेलं आज ऐकतो."

"एकेक प्रत काढून घ्या. शाळेत तुमचं कपाट आहे ना? कुलपाचं?"

"त्यात खडू असतात. आणि नकाशे."

"खडूशेजारी जागा होईल की."

"गाडीत ओल धरते का?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग चादरीचं दुसरं टोक हातात घेऊन पिळलं.

"हो," म्हणाला. "ओल."

संध्याकाळी दुकानातून ओल शोषणाऱ्या पुड्या आणल्या आणि कॅसेटींच्या डब्यात ठेवल्या.

१६ ऑक्टोबर

गाडीत बसून वह्या तपासत होते. भागाकार. निम्म्या वर्गाला शून्य कुठे ठेवायचं ते कळलेलं नाही.

ते दोघे काहीतरी नवीन वाजवत होते. संथ होतं. मध्ये एकदा वाटलं की आता संपलं, आणि मग पुढे गेलं. थांबल्यावर योस्को म्हणाला, "कसं वाटलं?"

"छान."

"कुणाचं वाटलं?"

मी वहीवरून वर बघितलं. विचार केला. "तुझ्या वडिलांच्या वळणाचं?"

तो हसायला लागला, खोकला येईपर्यंत. फेर्डो म्हणाला, "तुमच्या शाळेत मुलांचे कान तपासायला डॉक्टर येतो ना, वहिनी? एकदा तुम्हीही रांगेत उभ्या राहा."

"का? काय चुकलं?"

"राहू दे रे," योस्को म्हणाला. "तिचं तिला नाही कळायचं."

"मग याला काय नाव लिहू?"

"नको लिहू. असू दे बिननावाची."

१ नोव्हेंबर

स्मशानात गेलो. सगळे आले होते. योस्कोला फेर्डोने हात धरून चालवलं. वडिलांच्या थडग्यावर सासूबाईंनी फुलं ठेवली, फेर्डोने बिअरची बाटली उघडून अर्धी मातीवर ओतली. कुणी बोललं नाही. आमच्यात तिथे बोलत नाहीत.

परतताना योस्को आणि मी मागे राहिलो. त्याला मध्ये मध्ये थांबावं लागत होतं.

"त्यांचं व्हायोलिन मी जाळलं," तो म्हणाला. "माझ्या हातानं. सुरेख व्हायोलिन होतं. कपडे, गाडी, सगळं; गेलेल्याचं काही मागं ठेवत नाहीत. आणि त्यांच्या वॉल्ट्झ. त्याही नाही वाजवायच्या."

"तू कधीच वाजवल्या नाहीस?"

"कशी वाजवणार? त्यांच्या होत्या."

"आता आठवतात?"

"नाही."

थोडं चाललो. मी विचारलं, "मग तुझ्या चालींचं काय?"

"फेब्रुवारीत रेकॉर्ड होईल. एकदा बाहेर पडली की ती लोकांची. दुकानातलं कोण जाळतंय?"

"आणि त्याआधी..."

तो थांबला. दम घेतला. माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं. "तू गाजी आहेस," म्हणाला, "ते एका अर्थी बरं आहे."

मला राग आला. त्या जागी, त्या दिवशी, सव्वीस वर्षांनी पुन्हा तेच. मी हात सोडवून पुढे चालायला लागले. मग परत आले, कारण त्याला एकट्याने चढ चढवत नव्हता.

१४ नोव्हेंबर, सोमवार

फेर्डो शाळेच्या दारात उभा होता. टोपी हातात.

मुलांना म्हटलं, पुढचं पान वाचा.

१५ नोव्हेंबर

इथून पुढे नाव लिहिणार नाही.

१७ नोव्हेंबर

नेलं. जर्मनीतून आले, हॉलंडातून आले. गिटार वाजवणारे इतके लोक एकत्र आणि कुणाच्याही हातात काही नाही. हातांचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. पोरं भिंतीला टेकून एकमेकांच्या सिगरेटी पेटवत होती.

परत आल्यावर सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. दार लोटून घेतलं.

"गाडी परवा," म्हणाल्या.

"हो, आई."

"त्यातलं तुझं असेल ते आधी बाहेर काढ."

"माझं विशेष काही नाही तिथं."

"नीट बघ. काय तुझं आणि काय नाही, ते आम्ही सांगणार नाही. बघायलाही कुणी येणार नाही. तू बाहेर काढलंस म्हणजे ते तुझं."

"बरं."

"कळलं का, काय म्हणते मी?"

"कळलं, आई."

त्या माझ्याकडे बराच वेळ बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत मी इतक्या वर्षांत इतक्या जवळून बघितलं नव्हतं. मग उठल्या आणि किटलीतली कॉफी मोरीत ओतून दिली. त्याला आवडायची ती. आता त्या पिणार नाहीत.

गाडीतून माझं शिवणाचं मशीन काढलं, हिवाळी कोट काढला, वह्या तपासायचं लाल पेन काढलं. बाकी सगळं त्याचं.

१८ नोव्हेंबर

ओबर्तां आला. अंगणात सगळे उभे असताना सरळ माझ्याकडे आला.

"कॅसेटी कुठं आहेत?"

"गाडीत."

"गाडी उद्या जाळणार म्हणतात."

"हो."

"बाई, आठ चाली आहेत. मी दोनच ऐकल्यात, त्याही फोनवर. कुठं उतरवलेल्या नाहीत. त्याच्या आयुष्यात त्याचं म्हणावं असं तेवढंच आहे." आवाज चढत होता. मग फेर्डोकडे वळला. "तुम्ही तरी बोला काहीतरी. तुम्ही वाजवल्यात त्या."

"मी काय बोलणार?" फेर्डो म्हणाला. "मी भाऊ आहे."

"म्हणजे तुमची हरकत आहे?"

"मी भाऊ आहे म्हटलं ना." तो जमिनीकडे बघत होता. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "वहिनीला विचारा. ती गाजी आहे. तिला आमचं काही लागू नाही."

मी सासूबाईंकडे बघितलं. वाटलं, त्या तरी म्हणतील, असं बोलू नये. पण त्या माझ्याकडेच बघत होत्या. सगळेच माझ्याकडे बघत होते.

त्यांची भाषा शिकले. त्यांचं रांधायला शिकले. माझ्या बापाने मरेपर्यंत तोंड बघितलं नाही ते यांच्यामुळे. नवऱ्याला जाऊन चार दिवस झाले नाहीत आणि फेर्डोने सगळ्यांसमोर मला फाटकाबाहेर काढलं.

ओबर्तांला म्हटलं, "तुम्ही जा. आमच्यात जे करतात ते आम्ही करू."

तो फेर्डोकडे बघत राहिला. फेर्डो वळून भिंतीमागे निघून गेला.

१९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी दहाला सगळे जमले. गाडी ओढून मागच्या शेतात नेली होती.

फेर्डो पेट्रोलचा डबा घेऊन आला आणि तो खाली ठेवून दिला. "वारा आहे," म्हणाला. "उद्या जाळू."

वारा नव्हता. त्याला जड जात असणार. मी म्हटलं, "आजच."

"घाई काय आहे, वहिनी?"

"आजच, फेर्डो."

"मग एकदा आत जाऊन बघून या. काही राहिलं असेल."

"काही राहिलं नाही."

"जाऊन तर या. मी सिगरेट ओढतो तोवर." तो पाठ करून उभा राहिला. बाकीच्यांनीही तोंडं फिरवली, बायकांनीसुद्धा. मला वाटलं, मला एकटीला निरोप घेऊ देतायत. एवढं तरी त्यांनी केलं.

आत गेले. अंथरूण, त्याचे बूट, आरसा. गिटार पेटीत होती. कॅसेटींचा डबा फळीवर. उघडला. पुड्या ठेवल्या होत्या, ओल अजिबात नव्हती. प्रत्येकीवर माझंच अक्षर. कालव्याची. लंगडी. रविवारची. एकीवर काहीच नाही.

डबा उचलला. हलका होता. वाटलं, कोटात सहज मावेल. माझा कोट ढगळ आहे.

मग कालचं आठवलं. ती गाजी आहे.

डबा त्याच्या उशीवर ठेवला, सगळ्यांना दारातून दिसेल असा. रिकामे हात घेऊन बाहेर आले. हात मुद्दाम कोटाबाहेर ठेवले.

फेर्डो वळला. त्याने आधी माझ्या हातांकडे बघितलं, मग कोटाकडे, मग दारातून आत. उशीवरचा डबा त्याला दिसला.

"झालं?" तो म्हणाला.

"झालं."

"नक्की, वहिनी?"

"आता किती वेळा विचारशील?"

पेट्रोल त्याने ओतलं. काडी मी मागून घेतली. बायको काडी लावत नाही, भाऊ लावतो, पण मी मागितली आणि त्याने दिली. त्याचा हात गार होता.

आधी पडदे गेले. मग गिटारीच्या तारा तुटल्याचे आवाज आले, एकामागून एक, जाड तारेपासून बारीकपर्यंत. फेर्डो तिथेच गुडघ्यावर बसला. मोठा माणूस, पन्नाशी उलटलेला. कुणी त्याला उठवायला गेलं नाही.

मी उभी राहिले. शेवटपर्यंत उभी होते.

२० नोव्हेंबर

केसांना वास आहे. धुतले तरी जात नाही.

४ डिसेंबर

सासूबाई सकाळी न सांगता आल्या. आजवर त्या माझ्या स्वयंपाकघरात पाहुण्यासारख्या टेबलाच्या कडेला बसायच्या. आज चुलीजवळची खुर्ची ओढली आणि बटाटे सोलायला घेतले. आम्ही दोघींनी मिळून सूप केलं.

निघताना त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"तू आमच्यापेक्षा आमची निघालीस गं," म्हणाल्या.

त्यांचे डोळे भरले होते. माझेही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तो असता तर त्याला सांगितलं असतं.

२३ डिसेंबर

फेर्डोने गिटार ठेवून दिली आहे. भंगार गोळा करायला जातो. मला टाळत नाही. लाकडं फोडून देतो, छपराची कौलं नीट केली. पण आत येत नाही, दारातच उभा राहून काय हवं-नको ते विचारतो. त्या दिवशीच्या बोलण्याची लाज वाटत असेल. मी मनात काही ठेवलेलं नाही. एकदा ते त्याला सांगायला हवं.

१३ फेब्रुवारी १९८९

आज स्टुडिओचा दिवस होता. ओबर्तांने रद्द केल्याचं कळवलं. बाकी काही लिहिलं नाही.

दुपारी रेडिओवर त्याची जुनी रेकॉर्ड लागली. निवेदक म्हणाला, त्या थोर माणसाच्या वाटेने जाणाऱ्यांतला एक निष्ठावान वादक. तेवढंच. वाटेने जाणारा. मी रेडिओ बंद केला. बंद करायचाच असतो.

मग स्वयंपाकघरात उभी राहून मनातल्या मनात त्याचं स्वतःचं काहीतरी आठवायला बघितलं. रविवारची. सुरुवात आली. मग त्या जुन्या रेकॉर्डमधलं काहीतरी आडवं आलं आणि जाईना.

५ मार्च

रोज बघते. रोज कमी येतं.

लंगडीतलं फक्त ते अडखळणं राहिलं आहे. कशाला अडखळायची ते गेलं.

१६ एप्रिल, रविवार

सकाळी फेर्डो आला. हातात गिटार होती. पाच महिन्यांनी.

आत ये म्हटलं, आला नाही. पायरीवर बसला. मी दारात उभी राहिले. त्याने तारा लावल्या आणि वाजवायला सुरुवात केली. मान खाली, डोळे मिटलेले, उजवा हात पहिल्यासारखाच. पण नुसते साथीचे कॉर्ड. वर काही नाही. रिकाम्या खोलीत कुणीतरी येरझाऱ्या घालाव्यात तसं.

त्यातलं कुठलं आहे ते ओळखायला मला वेळ लागला. मग अर्ध्यावर ते थांबल्यासारखं झालं, आता संपलं असं वाटलं, आणि पुढे गेलं. तेव्हा कळलं. मी खाली त्याच्या शेजारी बसले.

संपल्यावर तो म्हणाला, "मला एवढंच येतं. माझ्या वाटणीचं."

मी त्याच्या बोटांकडे बघितलं.

"वर काय होतं, वहिनी? मी कधी ऐकलंच नाही. शेजारी बसून. तुम्हाला माहितीय, मी ऐकत नसे." तो गिटारीवर हात ठेवून बोलत होता. "आणि विचारायचंही नसतं आमच्यात. पण म्हटलं, तुम्हाला विचारावं."

"मला का?"

"तुम्हाला विचारता येतं."

"त्या दिवशीही तेच म्हणालास. सगळ्यांसमोर. गाजी म्हणून."

"हो."

"मला फार लागलं, फेर्डो. मी त्याचसाठी..." आणि माझं बोलणं तिथेच थांबलं. त्याचा चेहरा मी बघत होते. सासूबाईंचा आठवला, दार लोटून घेतल्यावरचा. पाठमोरी उभी असलेली ती सगळी माणसं.

"कपाट," मी म्हटलं.

त्याने मान खाली घातली.

"मग सांगितलं का नाहीस? सरळ. एका शब्दानं."

"सांगता आलं असतं तर मीच उचलला नसता का डबा?" त्याचा आवाज शांत होता. राग नव्हता त्यात. राग असता तर बरं झालं असतं. "आम्हाला बोलता येत नाही, हात लावता येत नाही. तुम्ही एकट्याच होता. आई म्हणत होती, ती शहाणी आहे, मास्तरीण आहे, काढेल. मी म्हटलं, काढेलच. आणि तुम्ही हात हलवत बाहेर आलात."

मी पायरीची कड धरली.

"त्याचं काही नाही आता," तो म्हणाला. "तुम्ही आमच्यासारखंच केलंत. कुणी नावं ठेवणार नाही." मग हळू म्हणाला, "फक्त सुरुवात जरी आठवत असली ना. सुरुवात दिलीत तर मी बघतो."

त्याने पुन्हा वाजवायला घेतलं. मी शाळेत मुलांना गाणी शिकवते, पण ती वेगळी. तोंड उघडलं. पहिले पाच-सहा सूर आले. बरोबर होते, फेर्डोची मान वर झाली आणि तो हसला. इतका त्याच्या भावासारखा हसला की मी खाली बघितलं.

पुढचं आलं नाही. त्या दिवशी मी भागाकार तपासत होते.

तो थांबला नाही. पहिले चार कॉर्ड वाजवून झाले की पुन्हा पहिल्यावर यायचा आणि माझ्याकडे बघायचा. मी तेच पाच-सहा सूर म्हणायची. समोरच्या रस्त्यावरून लोक चर्चला गेले, नंतर परत आले. सासूबाई त्यांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्याचं नाव कुणी घेतलं नाही. फेर्डो वाजवत राहिला, मला पुढचं आठवेपर्यंत थांबायचं नाही असं ठरवल्यासारखा.